फोटो नको, मजकूर टाका

'तातडीचं आहे, कृपया लवकर सांगा' असं शीर्षक असलेल्या प्रश्नात तातडी सोडून बाकी काही नसतं, हे तेलपाणीला अनुभवाने पाठ झालं होतं. प्रिंटर कोणता, कधीपासून बिघडलाय, बिघडलाय म्हणजे नेमकं काय करतोय, यातलं काही म्हणजे काही नाही. फोरमवरची माणसं जणू घंटी वाजवली की पाण्याचा ग्लास घेऊन धावत येणार. पगार कुणाला नाही, वेळेचं बंधन नाही, छपाईचा एक फुकटचा प्रोग्रॅम आहे आणि तो वापरणाऱ्यांना अडचण आली की चार शहाणी माणसं आपापल्या घरून उत्तरं देतात, एवढाच कारभार. पण विचारणाऱ्यांचा तोरा असा, की यांच्या बापाने ही माणसं कामाला ठेवलीत.

कामावरून आल्यावर बूट काढायच्या आत त्याने कॉम्प्युटर सुरू केला होता. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज त्याने इतक्या वेगावर ठेवलेला असे की ताईला तो खडे भरलेला डबा हलवल्यासारखा वाटे. त्याला शब्दन्‌शब्द कळायचा. "लेबलची शेवटची ओळ येत नाही," आवाज म्हणाला. "सगळं करून बघितलं. फोटो जोडले आहेत. इमेज. इमेज. इमेज. इमेज."

"इमेज तुझ्या..." तेलपाणी म्हणाला आणि पुढचं गिळलं, कारण ताई स्वयंपाकघरात होती.

तेलपाणी जन्मापासून आंधळा. फोरमवर हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्याच उत्तरात त्याने कुणाला तरी 'आधी त्या मशीनचं तेलपाणी करा, मग इथे या' असं सुनावलं होतं, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. पाठीमागे आणि तोंडावरही लोक त्याला खडूस म्हणायचे. प्रिंटरने छापलेला एकही कागद त्याने आयुष्यात वाचलेला नव्हता आणि तरी छपाईच्या भानगडी सोडवण्यात त्याचा हात धरणारा तिथे दुसरा नव्हता. प्रिंटर काय करतोय याची बारीकसारीक नोंद कॉम्प्युटर लॉगमध्ये ठेवतो, आणि लॉग म्हणजे शुद्ध मजकूर. तो कानाने वाचता येतो. म्हणून फोरमचे नियम ठरवायची वेळ आली तेव्हा ते त्यानेच लिहून दिले होते. काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिहा. लॉग जसाच्या तसा चिकटवा. फोटो टाकू नका, मजकूर टाका. सुटलं तर कसं सुटलं ते सांगून जा, तोंड लपवून पळू नका. नियमाखाली कारण मात्र त्याने एकही लिहिलं नव्हतं. नियम आहे म्हणजे पाळा, असा त्याचा खाक्या.

त्याने उत्तर ठोकलं. "फोटो चालत नाहीत. नियम वाचा. लॉग टाका आणि काय होतंय ते शब्दांत लिहा."

विचारणाऱ्याचं नाव होतं औषधवाला. कुठल्याशा दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीमागे बसणारा, बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा माणूस. त्याचं उत्तर चटकन आलं. "काय होतंय ते फोटोत दिसतंय. शेवटच्या ओळीत औषध कधी घ्यायचं ते असतं. ती येत नाही म्हणून पेनाने लिहून देतोय. पुढे रांग लागलीय, निबंध लिहायला वेळ नाही." खाली लॉग मात्र आपटला होता.

लॉग स्वच्छ होता. प्रिंटरची काही तक्रार नव्हती. तेलपाणीने विचार केला आणि लेबलाची उंची कमी पडत असेल, ती वाढवून बघा, असं सांगितलं. औषधवाल्याने वाढवली. फरक शून्य. तेलपाणीने विचारलं, "ओळ येत नाही म्हणजे काय? अर्धी येते? कापली जाते? की छापलीच जात नाही?"

तोवर आणखी पाच-सहा जण गोळा झाले होते. सगळ्यांनी फोटो बघितले होते आणि सगळ्यांनी मोठ्या जबाबदारीने एकच गोष्ट सांगितली, की हो, शेवटची ओळ दिसत नाहीये. मग औषधवाला फुटला. "बघा, सगळ्या जगाला दिसतंय, तुम्हालाच दिसत नाही. आंधळे आहात का?"

त्या वाक्याखाली भराभर अंगठे पडले. आवाजाने ते अंगठे इमानेइतबारे मोजून दाखवले.

तेलपाणीची बोटं थांबली. शिव्या त्याने भरपूर खाल्ल्या होत्या आणि त्याहून जास्त दिल्या होत्या, त्याचं त्याला काही नव्हतं. पण आता त्याच्याकडे पुढचा प्रश्नच उरला नव्हता. जे काही होतं ते त्या चार इमेजांमध्ये होतं, आणि एक उद्धट माणूस दोन वाक्यं टाइप करायचा कंटाळा करत होता म्हणून त्याला हात टेकावे लागणार होते. त्या विचाराने त्याच्या कानशिलांची शीर उडायला लागली. इतक्या वर्षांत फोरमच्या कामासाठी त्याने ताईकडे एकदाही मदत मागितली नव्हती. ताई बालवाडीत शिकवायची, दिवसभर पोरांच्या नाकातोंडाकडे बघून दमून यायची, हे एक कारण. खरं कारण म्हणजे त्याला ती मागायची नव्हती.

"ताई," तो ओरडला, "इकडे ये. आणि काही बोलू नकोस."

ताई मटार सोलायचे सोडून आली आणि खरोखरच काही बोलली नाही. नाकावर चष्मा चढवून तिने फोटो बघितला. "लेबलांची पट्टी आहे. एकाखाली एक. शेवटची ओळ नाहीये."

"ते मला माहितीये. आणखी काय?"

"आणखी काही नाही रे."

"आहे. वरच्या लेबलापासून एकेक सांग. तुझ्या वर्गातल्या पोराला सांगतेस तसं. मला काहीच माहीत नाही असं समज."

ताईने श्वास घेतला आणि बोट लावून सांगायला लागली. "पहिलं लेबल. वर दवाखान्याचं नाव, मग पेशंटचं नाव, मग औषध, मग कधी घ्यायचं ते. हे बरोबर आहे की." ती थांबली. "दुसऱ्यावर सगळं जरा खाली सरकलंय. तिसऱ्यावर आणखी खाली. चौथ्यावर शेवटची ओळ गेली. आणि पाचव्याच्या... अरे, पाचव्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत काहीतरी आहे. मला वाटलं, छापील नक्षी आहे."

"वाच."

"'रात्री जेवणानंतर दोन गोळ्या.'"

तेलपाणी खुर्चीत सरळ बसला. ओळ हरवली नव्हती. घसरत होती. आदल्या माणसाची वेळ आणि गोळ्या पुढच्या माणसाच्या बाटलीवर चालल्या होत्या, आणि खाली औषधवाला स्वतःच्या हाताने पेनाने खरी ओळ लिहीत होता. म्हणजे एका बाटलीवर दोन सूचना, वरची छापील आणि चुकीची. कुणीही माणूस छापील अक्षरावर आधी विश्वास ठेवणार.

त्याने लिहिलं, "छपाई आत्ताच्या आत्ता बंद करा. तुमच्या लेबलच्या डोक्यावरची ओळ आधीच्या पेशंटची आहे. दिलेल्या बाटल्या परत मागवा. प्रिंटरला दोन लेबलांमधली फट कळत नाहीये, तो रोल सलग समजतोय, म्हणून छपाई दर लेबलाला खाली सरकतेय. सेटिंगमध्ये 'सलग रोल' आहे तिथे 'फट असलेला' करा आणि कोरी लेबलं पुढे सरकवून त्याला फट ओळखू द्या. 'पहिल्या लेबलावर ठीक, पुढे घसरत जातं' एवढं एक वाक्य तुम्ही लिहिलं असतंत तर ही वेळ आली नसती."

मग तिकडून एकच शब्द आला. "सुटलं." ना कसं सुटलं, ना धन्यवाद.

"मेहेरबानी," तेलपाणी म्हणाला.

ताई अजून फोटोकडे बघत होती. "मी बघितला तेव्हा मलाही दिसलं नव्हतं रे," ती म्हणाली. "तू सांगायला लावलंस तेव्हा दिसलं."

दुसऱ्या दिवशी फोरम चालवणाऱ्या मास्तरांनी एक प्रस्ताव मांडला. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, स्वभावाने गोड, सगळ्यांचं सगळं पटणारे. त्यांनी लिहिलं होतं की कालच्या प्रसंगात फोटो होता म्हणूनच मोठा अनर्थ टळला, तरी फोटोबंदीचा जुना नियम नव्या मंडळींना जाचक होतो, सबब तो काढून टाकावा. आठवडाभर मतं नोंदवा. अनर्थ कुणी टाळला आणि फोटो बघून बाकीचे काय करत होते, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

तेलपाणीने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्याने आवाजाचा वेग कमी केला, मुद्दाम, चिडायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. फोटो सुरू झाले की पुढे काय होणार हे त्याला स्पष्ट कळत होतं. आज एक, उद्या दहा, महिन्याभरात प्रश्नात मजकूर औषधालाही सापडणार नाही. नुसतं इमेज, इमेज, इमेज. त्याला कुणी हाकलणार नव्हतं. दार उघडंच राहणार होतं, फक्त आत त्याच्यासाठी काही उरणार नव्हतं.

"मग सांगून टाक ना त्यांना," ताई म्हणाली. "एका वाक्याचं काम आहे."

"नाही."

"अरे, लाज कसली त्यात?"

"लाज नाही गं. दिवसभर मी ऑफिसात काय असतो ते तुला माहितीये ना? तिथे मी आंधळा असतो. फोरमवर मी खडूस आहे. ते मी स्वतः कमावलंय."

ताईला ऑफिस माहीत होतं. पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात तो फोन घ्यायचा. कुठल्या भागाचं पाणी कधी जातं, कुठला व्हॉल्व्ह अडकतो, सगळं त्याच्या जिभेवर. आणि पाहुणे आले की साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे बघा आमचे, दिसत नाही, तरी फोन घेतात." जणू काही फोन डोळ्यांनी घ्यायचा असतो. कुणीतरी न विचारता दंड धरून त्याला जिन्याकडे न्यायचं, त्याला जिना उतरायचा नसला तरी. जेवणाच्या सुट्टीत शेजारचा कारकून त्याच्याशी मोठ्याने बोलायचा, कान गेल्यासारखं. आणि या सगळ्यांवर रागावायची सोय नव्हती, कारण सगळे भलं करत होते. तो एकदा चुकीच्या भागाला पाणी येणार म्हणून सांगून बसला होता, तेव्हाही साहेब म्हणाले होते, "असू दे, असू दे." दुसऱ्या कुणाची खरडपट्टी निघाली असती. त्या 'असू दे'चा राग त्याला आजही होता.

म्हणून त्याने कारणं लिहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि नीट. पहिलं, मजकूर शोधता येतो, फोटो नाही. उद्या हीच अडचण दुसऱ्याला आली तर त्याला सापडणार काय? दुसरं, शब्दांत लिहायचं तर माणसाला आधी नीट बघावं लागतं. परवा इतक्या जणांनी तो फोटो बघितला आणि एकालाही ओळ घसरताना दिसली नाही, कारण कुणाला ते सांगायची गरजच पडली नाही. तिसरं, उत्तर देणारा कुठे आहे, कसा आहे, त्याला फोटो उघडता येतो की नाही, हे विचारणाऱ्याने गृहीत धरू नये. तो फुकट वेळ देतोय, त्याला सोयीचं पडेल असं विचारणं हे विचारणाऱ्याचं काम.

एकाने लिहिलं, "फार लांबलंय, कुणी थोडक्यात सांगेल का?" दुसऱ्याने लिहिलं, "साहेबांना फोटो उघडायचा आळस आहे, दुसरं काय." तिसरा म्हणाला, "खडूस भाव खातोय." मास्तरांनी सर्वांच्या भावनांचा आदर करायला सांगितलं. मतं नियमाच्या विरोधात पडत राहिली आणि त्याच्या तिन्ही कारणांना कुणी साधं खोडूनही काढलं नाही. खोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तेलपाणी कॉम्प्युटरपुढे बसला. मग त्याने कळा इतक्या जोरात बडवल्या की ताई दारात येऊन उभी राहिली.

"मला दिसत नाही," त्याने लिहिलं. "जन्मापासून. हे कारण म्हणून सांगत नाही. कारणं वर लिहिली आहेत, ती वाचा." आणि पाठवून दिलं.

नंतर जे झालं ते ऐकवत नव्हतं. आवाज बिचारा समोर येईल ते वाचत होता. "जोडलेले हात. जोडलेले हात. लाल हृदय. रडका चेहरा. सर, आपल्या जिद्दीला सलाम. जोडलेले हात. सर, आम्हाला क्षमा करा. दंडाचे स्नायू. आपण तर आमचे डोळे उघडलेत. जोडलेले हात." ज्याने आळशी म्हटलं होतं त्याने चार ओळींची माफी मागितली. सगळ्यांनी मतं फिरवली. मास्तरांनी नियम कायम ठेवला आणि त्यापुढे स्वतःच्या हाताने एक वाक्य जोडलं: 'कारण आपल्यातला एक बांधव दृष्टीपासून वंचित आहे.' शोधता येण्याबद्दल त्यात काही नव्हतं. नीट बघण्याबद्दल तर नव्हतंच. कारणं कुणी वाचली नव्हती. आता वाचायची गरजही राहिली नव्हती.

"जिंकलास की," ताई म्हणाली.

"डोंबल जिंकलो," तेलपाणी म्हणाला.

त्यानंतर प्रश्न येऊ लागले ते असे: 'आदरणीय सर, सादर नमस्कार. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. प्रिंटर चालत नाही.' संपलं. मॉडेल नाही, लॉग नाही. पूर्वी त्याने असल्या माणसाची सालटी काढली असती. आता त्याने "मॉडेल कोणतं?" एवढंच विचारलं तरी खाली दहा जण सरांच्या नम्रतेचं कौतुक करायला हजर. त्याने मुद्दाम एकाला झापलं, तर त्या माणसाने आशीर्वाद मागितला. औषधवाला मात्र त्या 'सुटलं' नंतर गायब होता. माफी मागणाऱ्यांच्या गर्दीतही नव्हता.

मग एके दिवशी तेलपाणी चुकला. कुणीतरी पुस्तिका छापत होतं, उभ्या कागदावर, दोन्ही बाजूंना, आणि मागची बाजू डोकं खाली पाय वर अशी येत होती. कागद कुठल्या कडेवर उलटायचा ते सेटिंगमध्ये निवडावं लागतं. तेलपाणीने घाईत आखूड कड सांगितली. हवी होती लांब. अशी चूक तिथे पूर्वी कुणी केली असती तर घटकाभरात त्याचे वाभाडे निघाले असते, आणि काढणारा पहिला तेलपाणीच असता. खाली धन्यवाद जमू लागले. ज्याची पुस्तिका उलटी येत होती त्यानेसुद्धा लिहिलं, "समजलं सर, खूप आभार." उत्तर पाठवल्यावर तेलपाणीच्याच मनात शंका आली. त्याने वही घेऊन हातात उलटीपालटी करून बघितली आणि त्याला चूक कळली. पण त्याने काही दुरुस्त केलं नाही. त्याला बघायचं होतं, कुणी बोलतंय का.

सकाळ गेली, ऑफिस झालं, संध्याकाळ झाली. उत्तर जागच्या जागी उभं, धडधडीत चुकीचं, हात जोडलेल्यांच्या रांगेत. असू दे, असू दे. तेलपाणीने हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि ताईला म्हणाला, "बंद करतो हे सगळं. नाव काढून टाकतो आजच."

"जेवून घे आधी," ताई म्हणाली. "मग काय काढायचं ते काढ."

ताई पानं वाढायला आत गेली तेवढ्यात नाव काढून टाकायला तो पुन्हा बसला, तर खाली एक नवं उत्तर आलं होतं. औषधवाला.

"हे उत्तर चूक आहे," आवाज वाचू लागला. "आखूड कडेवर केलं तर मागची बाजू उलटीच राहते. आत्ता छापून बघितलं. लांब कड निवडा. लॉग खाली चिकटवलाय. वरच्या एवढ्या शहाण्यांपैकी एकानेही कागद छापून बघितला नाही याचं नवल वाटतं.

"दुसरं. आंधळे आहात का म्हणालो, त्याबद्दल माफी मागणार नाही. मला माहीत नव्हतं, आणि तुम्ही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काही बाटल्या आधीच गेल्या होत्या. एकेकाच्या घरी जाऊन मी स्वतः परत आणल्या. तेव्हापासून प्रत्येक लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय खिडकीतून बाहेर देत नाही. तुमची तीन कारणं मी पूर्ण वाचली. पहिलं ठीक आहे. दुसरं शंभर टक्के पटलं, त्याची किंमत मला कळलीय. तिसरं साफ चूक आहे. उत्तर देणारा कसा आहे हे आम्ही गृहीत धरू नये म्हणता, मग आम्ही काय ज्योतिषी आहोत? नियमाखाली कारणं न लिहिता नुसतं नियम वाचा म्हणून ओरडणाऱ्याने दुसऱ्याला विचारायची रीत शिकवू नये. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. थोडक्यात लिहा, मला कामं आहेत."

इमेज एकही नव्हती.

तेलपाणीने ते पुन्हा ऐकलं. मग आपल्या चुकीच्या उत्तरावर जाऊन त्याने लिहिलं, "औषधवाला म्हणतो ते बरोबर. लांब कड. चूक माझी. आणि तुम्ही सगळ्यांनी न तपासता धन्यवाद दिलेत, लाजा वाटू द्या." एवढं झाल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली. तिसरं कारण चूक म्हणतो काय. त्याच्या कानशिलांची शीर पुन्हा उडू लागली होती आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

"अरे, पानं वाढलीयेत," आतून ताईचा आवाज आला. "काढलंस का नाव?"

"तू जेवून घे, ताई," तो म्हणाला. "एक जण भांडायला आलाय."